बंदराच्या तोंडाशी पाणी मोजताना: मोठा आकडा सोडा, उरलेला धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदव्युत्तर प्रकल्पासाठी उपसागराच्या तोंडाजवळ पाणी कसं फिरतं याचा अभ्यास करायचा आहे. जागा मुंबई बंदराचं तोंड, म्हणजे कुलाब्याचं टोक ते समोरची मांडव्याची बाजू. हाताशी भाड्याचा एक एडीसीपी (ध्वनिलहरी सोडून पाण्याच्या प्रत्येक थराचा वेग मोजणारं यंत्र), बोटीचे आठ दिवस आणि एक लॅपटॉप. यंत्र कुठे ठेवू, किती दिवस ठेवू आणि संगणकावर पाणी फिरवून पाहायला मॉडेल कोणतं वापरू?

या तिन्हींच्या आधीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण तो विचारत नाहीत: हे पाणी कशासाठी मोजायचं आहे? सांडलेलं तेल कुठे जाईल हे हवं असेल, तर काही तासांचा, वरच्या हातभर थराचा आणि वाऱ्याचा अभ्यास करावा लागतो. चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांसाठी खणलेल्या खोल वाटेत, गाळ का भरतो हे हवं असेल, तर तळाजवळचं पाणी आणि निदान पंधरवडा लागतो. सांडपाणी किती दिवसांत बाहेर पडतं हे हवं असेल, तर भरती-ओहोटी वजा केल्यावर उरणारा अगदी बारीक प्रवाह लागतो, आणि तो आठ दिवसांत सहजी हाती येत नाही. तिघांची यंत्रं तीच, पण मांडणी पूर्ण वेगळी.

उदाहरण आपल्याच बंदरातलं घ्या. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडलं आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले. अमावस्या १० ऑगस्टला होती, म्हणजे पाणी रोज उधाणाकडे चढत होतं, आणि वर पावसाळी वारा. तेल एका दिशेला गेलं नाही. काही अलिबागच्या बाजूला लागलं, काही बंदराच्या आत खारफुटीत शिरलं. अर्धा बुडून तरंगणारा कंटेनर बराचसा पाण्याबरोबर जातो. तेलाचा पापुद्रा मात्र पाण्याबरोबर जातोच, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने वाऱ्याकडेही सरकतो. सेकंदाला १० मीटरचा वारा धरा. तीन टक्के म्हणजे सेकंदाला ३० सेंटिमीटर, दिवसभरात सुमारे २६ किलोमीटर. भरतीचं पाणी याहून जोरात धावतं, पण ते गेलेलं परत येतं. वाऱ्याचं सरकणं परत येत नाही. एकाच जागी, एकाच वेळी पाण्यात पडलेल्या दोन वस्तू दोन गावांना लागतात ते यामुळे.

आता त्या मोठ्या आकड्याकडे येऊ. मुंबईला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. बंदराच्या शून्य पातळीपासून, म्हणजे चार्टवरच्या खोल्या जिथून मोजतात तिथून, उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान चढउताराची, भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. म्हणजे उधाणाला साडेतीन मीटरहून जास्त चढउतार आणि भांगाला जेमतेम दीड. गोव्याला एवढं पाणी चढत नाही, कोचीला तर मीटरभरच, आणि वर भावनगरला याच्या दुपटीहून अधिक. कारण मुंबईसमोरचा उथळ भूखंड-मंच, म्हणजे पाण्याखाली गेलेला जमिनीचा पसरट भाग, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि खंबातच्या आखाताकडे किनारा नरसाळ्यासारखा आवळत जातो. लाट आत येताना फुगते.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला हिशोब सव्वाअकरा सांगतो, प्रत्यक्षात भरती बाराच्या आगेमागे लागते. हा आडाखा तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याचा उपयोग पुढे एका अनपेक्षित जागी होणार आहे.

उधाणाला तोंडाशी सर्वांत जास्त वेग सेकंदाला मीटरभर धरला, तर सव्वासहा तासांच्या भरतीत पाण्याचा एक थेंब सुमारे चौदा किलोमीटर चालतो. वाटभर वेग तोच राहिला तर कुलाब्याचं पाणी शिवडीच्या आसपास पोचेल इतका हा पल्ला. मग ओहोटीला तो थेंब उलट फिरतो आणि बराचसा जिथून निघाला तिथे येतो. विद्यार्थी नेमकं हेच मोजतात. आलेख सुंदर येतो, वर-खाली, वर-खाली, परीक्षक मान डोलावतात. पण ती दाराची उघडझाप झाली. घरात कोण आलं आणि घराबाहेर कोण गेलं ते त्यातून कळत नाही. ते कळायला उघडझाप वजा करून जे उरतं ते पाहावं लागतं. आम्ही त्याला शेष प्रवाह म्हणतो. तो सेकंदाला दोन, पाच, फार तर दहा सेंटिमीटरचा असतो, आणि तुमच्या यंत्राची, बोटीची, होकायंत्राची चूकही तेवढीच असते. या विषयातली सगळी मारामारी इथे आहे.

हिशोब करून पाहा. तोंड १० किलोमीटर रुंद धरू, सरासरी खोली ८ मीटर. काटछेद झाला ८०,००० चौरस मीटर. सरासरी वेगात दोन सेंटिमीटरची चूक झाली, तर सेकंदाला १,६०० घनमीटर पाणी कागदावर फुकट निर्माण होतं. १२ तास २५ मिनिटांच्या एका फेरीत सात कोटी घनमीटर. मेमध्ये पाताळगंगा, अंबा, पनवेलची खाडी या सगळ्या मिळून जे गोडं पाणी आणतात त्याच्यापुढे ही तुमची चूक म्हणजे महानदी. मी एका प्रकल्प अहवालात पाहिलंय: बंदरातून रोज इतकं पाणी ‘बाहेर’ जात होतं, की आठवड्याभरात शिवडीपर्यंत चालत जाता आलं असतं. कुणी बेरीज तपासलीच नव्हती.

आठ दिवस पुरतील का? चंद्राच्या मुख्य भरतीची, एम२ची, आवर्तनं १२.४२ तासांची, सूर्याच्या एस२ची बरोबर १२ तासांची. दोन्ही एकमेकांपासून सोडवायला १४.७७ दिवस लागतात. उधाण आणि भांग हे त्यांच्याच संगनमतातून होतं, म्हणून हाच पंधरवडा. एन२ नावाचा तिसरा घटक एम२पासून वेगळा करायला साडेसत्तावीस दिवस हवेत. आठ दिवसांच्या नोंदीत हे सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि प्रत्येक आकडा थोडा खोटा येतो.

तरीही वाट आहे. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते. इतकी लांब नोंद जगात मोजक्या बंदरांकडे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटची १८५४ पासूनची, म्हणजे आपण काही फार मागे नाही. त्या लांब नोंदीतून एस२ आणि एम२ यांचं गुणोत्तर आणि दोघांच्या वेळेतला फरक पक्का ठाऊक असतो. तेच गुणोत्तर प्रवाहालाही लागू आहे असं धरून छोट्या नोंदीतून दोघांना सोडवता येतं. गृहीतक आहे, पण पातळी आणि प्रवाह एकाच लाटेची लेकरं असल्यामुळे चालतं. अहवालात मात्र ते गृहीतक आहे असं स्वच्छ लिहा. आणि भाडेकरार करताना घासाघीस किमतीवर करू नका, दिवसांवर करा. यंत्र तळावर पडून राहिलं तर मालकाचं काही झिजत नाही. खर्च बोटीचा असतो. यंत्र सोळा-सतरा दिवस पाण्यात, बोट फक्त चार दिवस: एक ठेवायला, एक काढायला, आणि मधले दोन काटछेदाच्या फेऱ्यांसाठी, एक उधाणाला आणि एक भांगाला. तुमच्या आठांपैकी चार हवामानासाठी राखून ठेवा. ते लागतातच.

एक यंत्र असेल तर ते कुठे ठेवायचं? बहुतेक जण चॅनेलच्या मधोमध म्हणतात, कारण तिथे वेग जास्त. माझा सल्ला उलटा आहे. खणलेल्या चॅनेलमध्ये परवानगी मिळणार नाही, मिळाली तर ड्रेजर किंवा जहाजाचा नांगर तुमचं यंत्र घेऊन जाईल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडाच्या मध्यावरचा एक बिंदू शेष प्रवाहाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. भरती आत येताना पाणी चहूबाजूंनी गोळा होतं. ओहोटीला मात्र ते एका दिशेने फेकलं जातं. समईची ज्योत फुंकरीने विझते, श्वास ओढून विझत नाही, तसंच हे. १९५२ साली स्टॉमेल आणि फार्मर यांनी खाडीमुखांसाठी हा हिशोब मांडला. परिणाम असा की टोकाजवळ, कडेला, सरासरी आत येणारी दिसते आणि मध्यावर बाहेर जाणारी. एकाच तोंडावर पाचशे मीटर सरकलात की चिन्ह बदलतं. गोल्डन गेट खोल आणि सुमारे १.६ किलोमीटर रुंद आहे, तिथे ही ओहोटीची धार डोळ्यांना दिसते. आपलं तोंड पसरट, एका बाजूला कुलाब्याजवळचा प्रॉंग्जचा खडक, दुसऱ्या बाजूला उथळ पट्टे आणि मध्ये माणसाने खणलेली खोल वाट. इथे धार एक नाही, दोन-तीन आहेत, आणि त्या पंधरवड्यात जागा बदलतात.

म्हणून एकुलतं यंत्र चॅनेलच्या काठाबाहेर, बाजूच्या सपाट तळावर ठेवा. त्याच्याकडून फक्त काळाची माहिती घ्या: उधाण-भांगात काय बदलतं, वारा आला की काय होतं. जागेची माहिती बोटीने घ्यायची.

त्या एका बिंदूचा आणखी एक फसवा गुण सांगतो, कारण तो पुस्तकात वाचून कुणालाच खरा वाटत नाही. समजा पाणी आत येतं तेव्हा पातळी थोडी जास्त असते आणि बाहेर जातं तेव्हा थोडी कमी. नऊ मीटर खोलीतून ५० सेंटिमीटरच्या वेगाने आत आणि सात मीटरमधून त्याच वेगाने बाहेर. वेगांची सरासरी शून्य. पण पाणी? आत जास्त आलं. बंदराचं दुसरं टोक बंद आहे, ते तुंबत नाही, म्हणजे बाहेर जाणारा वेग कुठेतरी जास्त असणारच. यंत्र मग इमानदारीने सांगतं की सरासरी प्रवाह बाहेर आहे. त्यावरून ‘बंदर स्वच्छ होतंय’ असं लिहू नका. तो बाहेरचा वेग आत आलेल्या जादा पाण्याची नुसती परतफेड असतो. वेगाची सरासरी काढण्याऐवजी वेग गुणिले त्या क्षणीची खोली याची सरासरी काढा. एका ओळीचं काम आहे, आणि निम्मे प्रबंध त्यावाचून चुकलेले आहेत.

आपल्या बंदरात सुदैवाने हा परिणाम तोंडाशी कमी. दहा मीटर खोलीत भरतीची लाट सेकंदाला जवळपास दहा मीटरने जाते, म्हणजे पाव लाट शंभर किलोमीटरहून लांब. तोंडापासून ठाण्यापर्यंतची खाडी पन्नास किलोमीटरच्या आतली. त्यामुळे सगळं बंदर जवळजवळ एकदम भरतं आणि एकदम सुकतं. पाणी पूर्ण भरलं की प्रवाह थांबतो आणि अर्ध्यावर असताना सर्वांत जोरात असतो. तुमच्या नोंदीत याच्या अगदी उलट दिसलं, म्हणजे पूर्ण भरतीला सर्वाधिक वेग आला, तर समुद्राचं विज्ञान बदललंय असं समजण्याआधी घड्याळ बघा.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावलं होतं आणि भरतीचं वेळापत्रक भारतीय वेळेत होतं. साडेपाच तासांचा फरक. एम२च्या अर्ध्या फेरीला सहा तास तेरा मिनिटं लागतात, म्हणजे साडेपाच तासांच्या चुकीने भरतीची जवळजवळ ओहोटी होते. पण पूर्ण नाही, आणि तीच गंमत. पूर्ण उलट असती तर कुणालाही कळली असती. ती ‘थोडी विचित्र’ दिसली, आणि मी तीन आठवडे त्या विचित्रपणाला तळाच्या घर्षणाची कारणं शोधत बसलो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यंत्राच्या डब्यावर रंगाने लिहिलेलं असतं, घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते.

काटछेदाच्या फेऱ्यांकडे वळू. बोटीला यंत्र बांधून कुलाब्याकडून मांडव्याकडे आणि परत. पाच नॉटच्या वेगाने १० किलोमीटरला ६५ मिनिटं. तेवढ्यात भरती आपल्या फेरीचा बारावा हिस्सा पुढे सरकलेली असते, म्हणून एका फेरीला छायाचित्र समजू नका. योग्य रीत अशी: रेषेचे वीसेक तुकडे पाडा; प्रत्येक तुकड्यावर दिवसभरात जितक्यांदा गेलात तितके वेग, ज्या त्या वेळेसह, घ्या; आणि त्यांत एक स्थिर भाग, एक एम२चा आणि एक त्याच्या दुप्पट गतीचा, म्हणजे ६.२१ तासांचा, असे बसवा. पाच अज्ञात आहेत, बारा फेऱ्या पुरतात. फक्त टोकांच्या तुकड्यांना वळताना दोन नोंदी लागोपाठ मिळतात आणि मग दोन तास काही नाही, त्यामुळे किनाऱ्यांजवळचे आकडे नेहमी जास्त डळमळीत. आणि शक्य असेल तर तेरा तासांवर थांबू नका, पंचवीस करा. मुंबईच्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एकीवर थांबलात तर दुसरीबद्दल तुम्ही अंदाज लावत असता. रात्रीच्या बोटीवर माणसं कुरकुर करतात, चहा-पोह्यांची सोय नीट ठेवा. हा सल्ला मी विनोदाने देत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. बोटीचा स्वतःचा वेग वजा करायला दोन रस्ते. यंत्र तळ ‘पाहून’ बोटीचा वेग काढतं, किंवा जीपीएसवरून काढायचा. मुंबईचा तळ मऊ चिखलाचा. उधाणाला चिखलाचा वरचा थर स्वतःच वाहतो, आणि तळ हलला तर यंत्र पाण्याचा वेग कमी दाखवतं. म्हणून जीपीएस बरा वाटतो. पण जीपीएस घेतला की होकायंत्र आणि यंत्र बसवण्याचा कोन अचूक लागतो. दोन अंशांची चूक आणि पाच नॉटची बोट: सेकंदाला नऊ सेंटिमीटरचा खोटा प्रवाह, आणि तोही बोटीच्या वाटेला बरोबर काटकोनात. तुमची वाट तोंडाला आडवी, म्हणजे हा खोटा प्रवाह नेमका आत किंवा बाहेर. शोधताय पाच सेंटिमीटर आणि चूक नवाची!

सुटका सोपी आहे. बोट उलट फिरली की त्या चुकीचं चिन्हही उलट होतं. जाण्याच्या आणि येण्याच्या फेऱ्या समान संख्येत ठेवा, आणि दोन्हींच्या सरासरी वेगवेगळ्या काढून पाहा. फरक दिसला तर तो समुद्राचा नाही, यंत्र ज्याला बांधलं त्या लोखंडी पट्टीचा आहे. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना ही दुरुस्ती तपासायची सवयच नसते. लाकडी बोट मिळाली तर घ्या.

यंत्राला वरचा थर दिसत नाही, हेही धरून चाला. तळावरून वर पाहणारा, वीस अंशांच्या किरणांचा एडीसीपी पाण्याच्या वरच्या सहा टक्क्यांत आंधळा असतो; दहा मीटरमध्ये साठ सेंटिमीटर. तेल, प्लास्टिक, निर्माल्य आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी सगळं त्यातच. तिथे ड्रिफ्टर, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे तरंगक, लागतात. पीव्हीसीचा नळा, मीटरभर खाली कापडी शीड, वर ट्रॅकर. एका ड्रिफ्टरचा खर्च बोटीच्या एका तासाहून कमी. दहा-बारा करा, कारण तीन-चार हरवणारच. आमचा एक ड्रिफ्टर दीड तास तोंडाशी शहाण्यासारखा फिरला आणि मग एकाएकी सरळ रेषेत बारा नॉटने कोळीवाड्याकडे निघाला. नकाशावर पाहणारी मुलगी हरखून गेली होती. तो कुणाच्या तरी होडीत बसून चालला होता. तेव्हापासून आम्ही त्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो: पाणी मोजायचं यंत्र आहे, पाण्यातच राहू द्या.

नारळही वाईट नाही. सोललेला नारळ बराचसा बुडून तरंगतो, त्याला वारा फारसा धरत नाही, आणि हरवला तरी समुद्राचं नुकसान नाही. रंगाचा आकडा टाकून पन्नास नारळ सोडा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही किनारे चालून या. नारळी पौर्णिमेला हा प्रयोग करू नका, एवढंच. आकडेमोडीत भाविकांचे नारळ येतात.

डोल लावणाऱ्या कोळ्यांना भेटायला मात्र नक्की जा, आणि जाताना प्रश्न नेमके न्या. डोल हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाच्या तोंडाला बांधून ठेवलेलं असतं. पाणी वाहिलं तरच मासा आत येतो, म्हणून उधाणाचे दिवस त्यांचे कमाईचे आणि भांगाचे दुरुस्तीचे. ‘प्रवाह कसा आहे?’ असं विचारलंत तर ‘जोराचा आहे’ एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं असं: या जागी जाळं कधी उलटतं, भरती पूर्ण होण्याआधी की नंतर, आणि तळाचं आधी उलटतं की वरचं? त्यांच्या जाळ्यांच्या रांगा जिथे आहेत तिथे यंत्र ठेवू नका, हेही त्याच भेटीत कळतं.

उपग्रहाची चित्रं फुकट आहेत आणि गाळाचे पट्टे त्यांत फार देखणे दिसतात. इथे तो तिथीचा आडाखा कामाला येतो. सेंटिनेल-२ मुंबईवरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. उधाणाला भरती बाराच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या दिवसाचं प्रत्येक चित्र भरतीच्या शेवटच्या टप्प्याचं, जेव्हा प्रवाह मंदावलेला असतो; आणि अष्टमीच्या सुमारास भरती सहाला, म्हणून त्या दिवसांचं चित्र ओहोटीच्या अखेरचं. उधाणाची जोरदार ओहोटी या उपग्रहाला कधीच दिसत नाही, कितीही वर्षं फिरला तरी. दोनशे चित्रांची सरासरी काढून ‘बंदराचा नेहमीचा गाळ’ म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की चेहरे पाहण्यासारखे होतात.

पावसाळा हा खरा विषय आहे, आणि आपल्याकडे सर्वांत कमी मोजला जातो. नोव्हेंबर ते मे बंदरातलं पाणी वरपासून खालपर्यंत घुसळलेलं, एकसारखं. दुपारचा खारा वारा थोडी ढवळाढवळ करतो आणि रोज त्याच वेळी येत असल्याने २३.९३ तासांच्या के१ या भरती-घटकात बेमालूम मिसळतो. वर्षभराच्या नोंदीशिवाय तो सुटत नाही. जूनमध्ये चित्र बदलतं. नद्यांचं हलकं पाणी वरून बाहेर सरकू लागतं, खालून खारं आत. क्षारता साधी आणि स्वस्त खूण आहे: बाहेर हजार भागांत ३६ आणि आत २७ सापडली, तर बंदरात पाव हिस्सा गोडं पाणी आहे. त्या गोड्या पाण्याच्या घनफळाला नद्यांच्या प्रवाहाने भागलं की पाणी किती दिवस मुक्कामी असतं याचा अंदाज येतो.

या हलक्या पाण्याला पृथ्वीच्या फिरण्याचा धक्काही जाणवतो. आपल्या अक्षांशावर तो धक्का आणि असा पाच मीटरचा गोडा थर यांचं गणित मांडलं, तर पाणी वळायला दहाएक किलोमीटर लागतात, म्हणजे तोंडाच्या रुंदीएवढेच. म्हणून बाहेर निघणारं पाणी उजवीकडे, कुलाब्याच्या बाजूला ओढलं जाऊ पाहतं. त्याच वेळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, त्याला परत किनाऱ्यावर ढकलणारा, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा पावसाळी प्रवाह दक्षिणेकडे वाहणारा. कोण जिंकतं ते आठवड्यागणिक बदलतं. बोटीतून फेसाची आणि कचऱ्याची लांब रेघ दिसली, एका बाजूला गढूळ आणि दुसरीकडे हिरवट पाणी, की तिथे दोन पाणी भेटताहेत. जागा आणि वेळ टिपून ठेवा, भले तुमच्या योजनेत ते नसो.

छोट्या बोटी तेव्हा बंद असतात, हे मान्य. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, आणि तळावरच्या यंत्राचा पहिला शत्रू ट्रॉलरचं जाळं. म्हणून मेच्या अखेरीस यंत्र तळावर ठेवून ऑगस्टमध्ये काढणं हे वाटतं तितकं वेडेपणाचं नाही. चौकट जड आणि पसरट करा, नाहीतर चिखल गिळतो. दाबमापकाच्या तोंडाला तांब्याची जाळी लावा, नाहीतर शिंपले चिकटतात. काढायला दोन स्वतंत्र उपाय ठेवा, एक ध्वनीच्या इशाऱ्याने वर येणारा तरंगक आणि दुसरा तळावर अंथरलेली गळ टाकून पकडता येईल अशी दोरी. बंदर प्रशासन, नौदल आणि तटरक्षक दल यांची परवानगी आधी लागते. ती मार्चमध्ये मागायला घ्या.

मॉडेलचं विचारलंत. डेल्फ्ट३डी घ्या किंवा टेलिमॅक, दोन्ही मोफत आहेत; तुमच्या विभागात ज्याला एखादं येतं तेच चांगलं. नावाने फरक पडत नाही, तीन गोष्टींनी पडतो. मॉडेलची समुद्राकडची सीमा तोंडावर आणून ठेवू नका. तोंडाचाच अभ्यास करायचा आणि तिथलंच उत्तर सीमेवर हाताने भरायचं, हे कसं चालेल? निदान तीस-चाळीस किलोमीटर बाहेर जा. दुसरं, चार्टवरची खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते आणि मॉडेलला सरासरी समुद्रपातळी लागते. मुंबईत या दोन्हींत २.५१ मीटरचं अंतर आहे. ते विसरलात तर शिवडीचे चिखलपट्टे, ज्यांवर फ्लेमिंगो चरतात, तुमच्या मॉडेलमध्ये कायमचे कोरडे पडतील आणि बंदरात मावणारं पाणीच घटेल. तिसरं, पातळी जुळली म्हणून मॉडेल जुळलं असं समजू नका. इतक्या आखूड बंदरात पातळी कोणाचीही जुळते. वेग जुळवा, तोही दोन जागी, आणि ज्या नोंदी वापरून मॉडेलमधलं तळाचं घर्षण ठरवलंत त्याच नोंदींवर परीक्षा घेऊ नका. म्हणूनच उधाणाच्या फेरीसोबत भांगाची फेरी वेगळी करायला सांगितली. उधाणावर मॉडेल बसवा आणि भांगाचा काटछेद त्याला न दाखवता ओळखायला लावा.